कारण अज्ञात

यवतमाळच्या मोटार स्टँडसमोर, दसऱ्याच्या दिवशी, भर सकाळी नऊ वाजता घारीनं श्रावण मास्तरच्या हातातला आलूबोंडा उचलून नेला. बरं, नेला तर नेला; जाता जाता अंगठ्याच्या बुडाशी नखाचा एक ओरखडाही काढून गेली. हॉटेलातली माणसं खो खो हसली. त्याला मोटारीत बसवून द्यायला आलेले चित्रकलेचे मास्तर तर टेबलावर हात आपटत म्हणाले, "काय हो घारसर, साऱ्या जिल्ह्याच्या घारी तुम्ही मोजता, अन् तुमच्याच हातातला घास नेते म्हणजे काय! निदान ओळख तरी ठेवायची की नाही तिनं!" श्रावणही हसला. शाळेत सगळे त्याला घारसर म्हणत आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. पण पंखांचा तो फटकारा तोंडाजवळून गेला तेव्हा वाऱ्याबरोबर एक वास आला, तेलकट पिसांचा, शिळ्या रक्ताचा. ओळख ठेवली नाही म्हणे! श्रावणला नेमकं उलट वाटलं. स्टँडवरच्या एवढ्या माणसांत हिनं आपल्यालाच बरोबर ओळखलं, असं त्याच्या मनात आलं आणि तो असा काही कानकोंडा झाला की दुसरा बोंडा न मागताच उठला आणि मोटारीत जाऊन खिडकीशी बसला.

गावी आज बुद्धविहाराचा पाया भरायचा होता. नागपूरला दीक्षा घेतली त्याला आज पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत वस्तीनं पोटाला चिमटे घेऊन विहाराची तयारी केली होती. घरटी शंभर विटा प्रत्येकानं आपल्या हातानं पाडायच्या, असं ठरलं होतं. वस्तीच्या पंचमंडळाचे पुढारी डोमाजी भगत यांनी श्रावणला टाकानं लिहिलेलं पत्र पाठवलं होतं, 'आपल्यातले पहिले मॅट्रिक तुम्ही, पहिले बी. एस्सी. तुम्ही, पहिले मास्तर तुम्ही, तेव्हा पाहुणे म्हणून तुम्हीच यावे.' हे पत्र त्यानं बायकोला, सत्यशीलाला, दोनदा वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात बहिणीचं, कौसल्याचं, कार्ड आलं. 'दादा, बाबाच्या विटा कोणी घेऊन नाही राह्यले. दीक्षेच्या दिवशी सभेत बाबाचा फैसला आहे. तू येशीन तं बरं होईन.' हे कार्ड मात्र त्यानं सत्यशीलाला दाखवलं नाही, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात घालून ठेवलं. का दाखवलं नाही? दाखवलं असतं तर तिनं सरळ विचारलं असतं, मामाजींनी असं केलं तरी काहून? आणि त्या 'काहून'चं उत्तर साऱ्या जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं. एक तिचा सासरा आणि एक तिचा नवरा.

गोष्ट तशी चार ओळींची होती. श्रावणचा बाप उकंडा, यानं गेल्या कार्तिकात पंजाबराव पाटलाचा मेलेला बैल ओढून नेला. दीक्षेनंतर वस्तीतल्या एकाही माणसानं मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता. त्यापायी पहिल्या वर्षी गावानं दोन महिने वस्तीची मजुरी बंद केली, चक्की बंद केली, विहिरीवर माणूस बसवला. तरी कोणी हटलं नाही. आणि मग चार वर्षांनी, कोणी सांगितलं नाही, दमदाटी नाही, असं असताना उकंडानं तो बैल ओढला. दुसऱ्या दिवशी पाटलाची माणसं वस्तीत येऊन दात काढत म्हणाली, उकंड्याले जमते तं तुमाले कायचा रोग आला? वस्तीनं चार वर्षं कमावलेलं एका सकाळी मातीत गेलं. आणि ज्याच्यासाठी गेलं तो गृहस्थ आज पाहुणा म्हणून मोटारीच्या खिडकीशी बसला होता आणि अंगठा चोखत होता.

मोटार कळंबच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कपाशीची बोंडं फुटू लागली होती. आकाश स्वच्छ होतं, आणि सवयीनं त्याची नजर वर गेली. हीच वेळ त्यांच्या येण्याची. उत्तरेकडून, कुठून कुठून बर्फाच्या मुलखातून, मोठाले गरुड दसऱ्याच्या आगेमागे यायला लागतात. छापील पुस्तकात त्यांना स्टेप ईगल म्हणतात हे त्याला फार पुढे कळलं. त्याच्या बापाच्या तोंडी त्यांचं नाव पाव्हणे. गावाच्या उगवतीला ढोरफोडीची जागा होती, मेलेली ढोरं तिथं नेऊन टाकत. बाप कातडं सोलायचा, माय मथुराबाई मांस वेगळं करायची, आणि हा बाभळीखाली पाटी घेऊन बसायचा. कोणाला सांगायची सोय नाही, पण त्याच्या आयुष्यातला पहिला वर्ग तोच. बाप सुरी चालवता चालवता शिकवायचा. "पाय बापू, पयले डोमकावळे येते. मंग घारी. मंग गिधाडं येऊन बसते, पण लगेच खात नाही, इचार करते. अन् हे जे दूर ढेकळावर बसले ना मान वळवून, ते पाव्हणे. ते आपल्या इथले नोहे." मोजायलाही त्यानंच शिकवलं. बापाला विसापुढे आकडा येत नव्हता. वीस झाले की तो एक हाडकाचा तुकडा बाजूला ठेवायचा. "उडतं पाखरू मोजू नको. एकच दोनदा मोजशीन. बसू दे, पंख मिटू दे, मंग मोज." एकदा कार्तिकात तीन तुकडे झाले होते आणि वर सात. साठ आणि सात. तेव्हा श्रावण आठ वर्षांचा होता, आणि आपला बाप म्हणजे या साऱ्या पाखरांचा मालक आहे असं त्याला वाटत असे. शाळेत मात्र दुसरंच. तिथं तो बाकाच्या टोकाशी बसायचा आणि मधल्या सुट्टीत नाल्यावर जाऊन हात वाळूनं घासायचा, कोपरापर्यंत, लाल होईतो. नाक मुरडणारी पोरं कुठल्या कुठे गेली. घासायची ती खोड अजून गेलेली नाही.

मग छप्पन साल आलं. गावातून पंचावन्न माणसं नागपूरला गेली. काही आगगाडीनं, काही पायी. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी उकंडानं सारी वस्ती नदीवर नेली आणि आपली सुरी डोहात फेकली. वीस वर्षं वापरलेली, पातं झिजून निम्मं झालेली सुरी. तो म्हणाला, "आज आपून मानूस झालो." एवढंच. जवळ उभा असलेला वीस वर्षांचा श्रावण रडला, अगदी हुंदके देऊन. ते रडणं खरं होतं. याबद्दल त्याला आजही शंका नाही. पण खरं रडलेला माणूसच पुढं असा वागतो याचं काय करायचं, हे कोणी सांगावं?

झालं असं की दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या पक्षी अभ्यासणाऱ्या एका मंडळाचं पत्रक शाळेत आलं. शरदात स्थलांतर करणाऱ्या गरुड, ससाणे, घारी अशा शिकारी पक्ष्यांची जिल्ह्याजिल्ह्यातून मोजणी करायची होती. हेडमास्तरांनी ते शास्त्र शिकवणाऱ्याच्या टेबलावर टाकलं. श्रावण हरखला. अशी संधी! त्यानं त्याच रात्री सुंदर अक्षरात लिहून कळवलं की आमच्या भागात एका विवक्षित जागी कार्तिकात साठाहून अधिक शिकारी पक्षी एकत्र बसतात. लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढं ती बाभूळ होती आणि हाडकाचे तीन तुकडे होते. आता या माणसाला काय म्हणावं! त्या जागी ढोर पडायचं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. ते बंद करणाऱ्यांत याचा बाप पहिला होता, हा स्वतः तिथं उभा राहून रडला होता. आणि तरी त्याच्या डोक्यात आलं नाही की ढोर नाही तर पाखरू कशाला येईल? तो दिवाळीच्या सुट्टीत दुर्बीण घेऊन गेला तेव्हा जागेवर तरोटा माजला होता आणि दूर बांधावर चार घारी नि दोन पाव्हणे होते. सहा. त्यानं तक्ता भरला, एकूण सहा. मंडळाकडून उलट टपाली विचारणा आली, आपण साठ लिहिले होते, संख्या इतकी घटण्याचे कारण काय?

कारण! कारण तर सोन्याच्या अक्षरांनी लिहावं असं होतं. कारण इथल्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. कारण माझ्या बापानं सुरी डोहात फेकली. पण 'माझ्या बापानं' लिहायचं म्हणजे मग आपण कोण, हेही लिहावं लागलं असतं. मंडळाच्या कागदावर त्याच्या नावापुढं बी. एस्सी. होतं आणि पत्ता यवतमाळच्या हायस्कुलाचा होता. तिकडे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं किती ऐसपैस, किती सुखाचं होतं! अर्धा तास तो टाक हातात घेऊन बसला. मग त्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'कारण अज्ञात.' शाई वाळेपर्यंत त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पाकीट पेटीत टाकून आल्यावर त्यानं हात धुतले, आणि सत्यशीला म्हणाली, "एवढे कशाला घासता?"

एवढ्यावर निभावलं असतं तरी बरं. पण पुढल्या वर्षी मंडळानं नागपूरच्या एका साहेबांना पाठवायचं ठरवलं, जंगलखात्यातून निवृत्त झालेले, मोठे जाणकार. ते स्वतः जागा पाहणार होते. साठाचा दावा करणाऱ्या मास्तरला आता तोंड लपवायला जागा उरली नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी तो गावी गेला. बाप अंगणात दोर वळत बसला होता. त्या संध्याकाळचा शब्द न् शब्द श्रावणला पाठ आहे, कारण त्यानं तो वर्षभर स्वतःला ऐकवला आहे, एकदा वकिलासारखा आणि एकदा फिर्यादीसारखा. तो म्हणाला, "उद्या साहेब येऊन राह्यले बाबा. जागेवर काहीच नाही. मी तोंडघशी पडतो." बाप म्हणाला, "नसन तं नाही म्हनून सांगाचं. पाव्हणे काय बांधून ठेवले?" मग श्रावण म्हणाला, "पाटलाचा बैल मेला म्हणे दुपारी." बस. एवढंच. ओढा म्हणाला का? नाही. टाका म्हणाला का? नाही. वकील इथं दरवेळी खूश होतो. पण ते वाक्य बोलून श्रावणनं बापाकडे पाहिलं नव्हतं, गोठ्याकडे पाहिलं होतं. आणि बापाचे दोरावरचे हात थांबले होते. बराच वेळ. मग तो उठून आत गेला, आणि श्रावण अंधार पडायच्या आत तालुक्याच्या विश्रामगृहावर परत निघाला, कारण साहेबांची उतरायची सोय त्याला पाहायची होती. पाय घाईघाईनं उचलत होता. काय ठरलं ते आपल्याला कळू नये, म्हणून ही घाई, हे त्याला चालता चालताच उमगलं होतं.

सकाळी साहेबांना घेऊन तो बरडावरच्या उंचवट्यावर गेला. आकाशात पाखरांचं चक्र लागलं होतं. खाली जागेवर बैल पडला होता, आणि जवळ एक म्हातारा काठी घेऊन कुत्री हाकत उकिडवा बसला होता. श्रावणनं दुर्बीण लावली आणि बापाचं तोंड एकदम वीतभर अंतरावर आलं. दाढीचे खुंट, मिटलेले ओठ, कपाळावर माती. बाप वर पाहत होता, पाखरांकडं, आणि त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता! "हा माणूस मध्ये का बसलाय?" साहेब वैतागले. "त्याच्यामुळे पक्षी उतरत नाहीत. कोण आहे तो?" श्रावण म्हणाला, "गावातलाच आहे कोणी." आणि दोन्ही हात वर करून, शाळेतल्या पोरांना हाकतात त्या आवाजात ओरडला, "ए, ऊठ तिथून! चल, हट!" म्हातारा उठला. त्यानं वर पाहिलं नाही. काठी टेकत नाल्याकडं निघून गेला. पाखरं उतरली; पंख मिटून बसली; मग दोघांनी मोजली. सत्तेचाळीस, त्यांत पाव्हणे अकरा. साहेबांनी श्रावणची पाठ थोपटली. उन्हाळ्यात छापील अहवाल आला, त्यात 'या निरीक्षकाची बसलेले पक्षी मोजण्याची पद्धत अनुकरणीय आहे' असं एक वाक्य होतं. शाळेत पेढे वाटले गेले. एक पेढा श्रावणनंही खाल्ला.

फाट्यावर मोटार थांबली. उतरला तो समोर बंजारा तांड्यावरचा किसनसिंग बैलगाडी घेऊन उभा. नायकाच्या घरचं काही सामान घ्यायला आला होता. "मास्तर, आवो आवो, बसो गाडीत. वस्तीवर सोडतो." गाडी चालू लागली. किसनसिंग वर्षभरात पहिल्यांदाच भेटत होता, आणि त्याला बोलायचं होतं. "तुमच्या बाबाचं लय वाईट वाटते मले. वस्तीत कोनी चाय बी नाही पेत त्याच्या हातचा. आमच्या तांड्यावर येऊन बसते कधी कधी. विटा पाडल्या शंभर, अशा चोख, माह्याच शेतातली माती नेली. पन घेतं कोन? दारात थप्पी लावून ठेवली, वरतून गवत झाकलं." श्रावण रस्त्याकडं पाहू लागला. "त्या दिशी जोडी बी माहीच नेलती त्यानं," किसनसिंग बैलांकडं पाहत म्हणाला. "हेच बैल. मेलेल्या बैलाजवळ जाईनात ना बापा, बिचके. मंग त्यानं आपला फेटा फाडला अन् त्याहिच्या डोयावर पट्ट्या बांधल्या. तवा ओढलं. सुरी तं नव्हती. इळ्यानं पोट फाडलं. म्हने कातडं फाडल्याबिगर बसत नाही पाखरं. म्या म्हनलं, उकंडाभाऊ, पाखरं बसो का उडो, तुले काय करा लागते? तं काही बोल्ला नाही. मंग नदीवर गेला, आंघोय केली, अंगावरचे कपडे पान्यात सोडून देल्ले अन् माह्यं धोतर नेसून घरी गेला." समोर बैल चालले होते. श्रावणला त्यांच्या डोळ्यांकडं पाहवेना. त्याला वाटलं आपण गाडीतून उतरावं, परत फाट्यावर जावं, ताप आला म्हणून कळवावं. पुढच्याच क्षणी स्वतःची किळस आली. आज बोलायचं, त्यानं ठरवलं. सगळ्यांसमोर. मग वस्ती आपल्याला हाकलून देवो, थुंको, काहीही करो. पण बाबाच्या विटा विहाराच्या पायात गेल्या पाहिजेत. ठरवल्यावर त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीही लाज वाटली.

घरी बाप धुतलेला सदरा घालून बसला होता. वर्षभरात खांदे उतरले होते. "आला का? बेस झालं. पानी पे." कौसल्यानं पाणी दिलं आणि डोळे पुसत आत गेली. दाराशी विटांची थप्पी होती. बापानं वरचं गवत काढून ठेवलं होतं, जणू आज न्यायच्याच आहेत. श्रावण म्हणाला, "बाबा, आज मी सांगतो सभेत. सगळं." उकंडानं त्याच्याकडं पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं; रागाचं असतं तर श्रावणला सोसवलं असतं. "काही नाही सांगाचं," तो म्हणाला. "तू पाव्हणा आहेस आज. माह्यं वय झालं. मले कोनी काही बोललं तं चार दिवस बोलन. तुले बोलले तं पोरं शिकाचंच सोडून देतीन वस्तीत. म्हनतीन, शिकून हेच होते का." आणि मग, अगदी हळू, "तू मले तठी वळखलं नाही, ते मात्र लागलं बापू." एवढं बोलून तो उठला आणि सभेकडं चालू लागला. श्रावणचं डोकं बधिर झालं. दुर्बीण आपल्या डोळ्यांना होती, तो इतक्या लांब होता, तरी त्यानं वर न पाहताच आवाज ओळखला होता. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हे.

सभा भरगच्च होती. निळे झेंडे, बाबासाहेबांचा फोटो, पुढं पायाचा खड्डा आणि शेजारी घराघरांच्या विटांच्या थप्प्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. श्रावण खुर्चीवर आणि बाप समोर जमिनीवर, एका कडेला, दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी. डोमाजी भगत उभे राहिले. कोरडा, न्यायी माणूस. आवाजात द्वेष नव्हता. "पायाचा दगड बसाच्या आंधी घरची घाण साफ झाली पाह्यजे. उकंडाभाऊ, उभा राह्य. पाच वर्सांखाली सुरी फेकनारा पयला तूच होता. तुह्याकडं पाहून आमी फेकली. अन् तूच पाटलाचं ढोर ओढलं, इळ्यानं कातडं काढाले बसला. कोन बोल्लं तुले? पाटलानं दम देल्ला का दारू पाजली? खरं सांग अन् मोकळा हो." उकंडानं हात जोडले. "कोनी नाही बोल्लं. कातडं नाही घेतलं म्या. माहीच मती फिरली. मले माफी करा. अन् विटा तेवढ्या घ्या." 'विटा तेवढ्या' म्हणताना त्याचा आवाज चिरकला. मागं बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, माफी कायची, गाव हासते आपल्याले.

श्रावण उभा राहिला. "बाबाची चूक नाही," तो म्हणाला. "मी करायला लावलं. नागपूरचे साहेब पक्षी पाहायला यायचे होते. मरतूक असल्याशिवाय पक्षी येत नाहीत. माझी लाज राहावी म्हणून बाबानं तो बैल ओढला. दोष माझा आहे. शिक्षा मला करा." झालं एकदाचं. आता काय यायचं ते येवो. श्रावण थुंकीची, शिवीची, चपलेची वाट पाहू लागला. तेवढ्यात मागून एक म्हातारी, मैनाबाई, मोठ्यानं म्हणाली, "अगं माय! पाखरं पाहाले कोनी ढोर ओढते का?" दोनचार जण हसले. आणि डोमाजींचे, त्या कोरड्या माणसाचे, डोळे भरून आले. "ऐका," ते म्हणाले, "ऐका लोकहो! बापाचा डाग लेक आपल्या आंगावर घेऊन राह्यला. पाखराचं निमित्त करते बिचारा! याले म्हनते शिकशन. याले म्हनते औलाद! अशा लेकाच्या बापाले माफी नाही द्याची तं कोनाले द्याची?" टाळ्या पडल्या. "जय भीम!" कोणी ओरडलं, आणि साऱ्या सभेनं ते उचललं. झेंडूचा हार पुढं आला.

श्रावणनं तोंड उघडलं. 'नाही, खरंच,' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. समोर बाप उभा होता, अजून हात जोडलेले. आणि तो श्रावणकडे पाहत होता, एकटक, सगळ्या गर्दीत तो एकटाच टाळी न वाजवता. त्याला खरं ठाऊक होतं. आणि श्रावण आता काय करतो हे त्याला पाहायचं होतं. मघाशी 'काही नाही सांगाचं' म्हणणारा हाच बाप. पण आता त्याच्या डोळ्यांत कसली तरी वाट पाहणं होतं, हे श्रावणला स्वच्छ दिसलं. नंतर कधीही तो स्वतःला सांगू शकणार नव्हता की मला दिसलं नाही. डोमाजींनी हार उंच धरला होता, त्यांचा हात पुरत नव्हता. श्रावणनं मान खाली केली, हार घालायला सोपं जावं म्हणून. लोकांना तो त्याचा विनय वाटला.

मग मंडळी उठली आणि उकंडाच्या दाराशी गेली. आता सगळ्यांनाच त्या विटा उचलायची घाई झाली होती. पोरं चार चार नेऊ लागली, बायकांनी ओच्यात घेतल्या. उकंडा स्वतः छातीशी दोन धरून पुढं निघाला. गळ्यात हार घेऊन श्रावणही थप्पीशी आला आणि वाकला. बाप थांबला. आवाजात कडवटपणाचा लवलेश नव्हता. लहानपणी बाभळीखाली पाटी घेऊन बसलेल्या पोराशी बोलावं तसा तो बोलला. "तू राहू दे बापू. हात मळतीन तुह्ये."

आणि श्रावण मास्तरनं खरंच एकही वीट उचलली नाही.